कोंडवाडा, डुकरं आणि व्हर्डररांचं कोर्ट

दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जुन्या जंगलाला जायचं तर ऑक्टोबरात जा, असं मी हल्ली विचारेल त्याला सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये माळावर जांभळा हेदर फुललेला असतो, फोटो सुंदर येतात, हे सगळं मान्य. पण तेव्हा निम्मं दक्षिण इंग्लंड तिथे तंबू ठोकून बसलेलं असतं आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच दुपार जाते. ऑक्टोबरात गर्दी ओसरते, नेचे तांबूस होतात आणि मुख्य म्हणजे डुकरं सुटलेली असतात. या डुकरांसाठी म्हणूनच आम्ही गेलो होतो. म्हणजे मी आणि माझ्या बायकोचे मामा.

मामा शहापूरकडे वनपाल म्हणून निवृत्त झाले. भाचीकडे राहायला आले तेव्हा आम्ही त्यांना लंडनमध्ये जे दाखवायचं ते सगळं दाखवलं. त्यांनी निमूटपणे पाहिलं आणि चौथ्या संग्रहालयाच्या पायरीवर बसून म्हणाले, "जावईबापू, या लोकांकडे एखादं जंगल वगैरे आहे की नाही?" बायकोला सुट्टी नव्हती. मग आम्ही दोघंच निघालो.

वॉटर्लूहून गाडी पकडली की ब्रॉकनहर्स्टला पोचायला साधारण दीड तास लागतो. स्टेशनातून बाहेर पडून गावात शिरलो तर दुकानांच्या रांगेसमोर दोन घोड्या उभ्या, त्यातली एक बेकरीच्या दारात. कुणी हाकलत नव्हतं, कुणी फोटोही काढत नव्हतं. पुढे गावातल्या रस्त्यावरूनच एक ओढा वाहतो, गाड्या त्यातून पाणी उडवत जातात आणि गाढवं काठावर उभी राहून बघतात. मामांनी पहिला प्रश्न विचारला तो खात्यातल्या माणसाचा होता. "ही जनावरं मोकाट की कुणाची?"

कुणाची तरी, हे उत्तर. न्यू फॉरेस्टमधला प्रत्येक पोनी, गाय, गाढव आणि डुक्कर हे कुणा ना कुणा कॉमनरच्या मालकीचं असतं. कॉमनर म्हणजे ज्याच्या घराला किंवा जमिनीला जंगलात जनावरं सोडण्याचा जुना हक्क चिकटलेला आहे असा माणूस. हक्क माणसाला नसतो, मिळकतीला असतो. घर विकलं की हक्क नव्या मालकाकडे जातो. जनावरामागे दरसाल फी भरायची. ती भरली की अजिस्टर नावाचा घोड्यावरचा कामगार पोनीच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीने कापतो. असे पाच अजिस्टर आहेत आणि प्रत्येकाची कापणी वेगळी. शेपूट पाहिली की जनावर कुठल्या भागातलं आणि यंदाची फी भरलेली आहे की नाही, दोन्ही कळतं.

"पावती शेपटीला!" मामा खूश झाले. पुढचे सगळे दिवस ते घोड्यांच्या मागे जाऊन पावत्या तपासत होते. मला मात्र दर वेळी लांबून सांगावं लागे की हात लावू नका, खायला देऊ नका. २०२३पासून तिथे पोनींना खाऊ घालणं किंवा कुरवाळणं यावर १०० पौंडांचा दंड आहे आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तो १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेला घोडा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो. जंगलातल्या बिनकुंपणाच्या रस्त्यांवर म्हणूनच ताशी ४० मैलांची मर्यादा आहे.

ब्रॉकनहर्स्टचं सेंट निकोलस चर्च गावापासून थोडं बाजूला, एका टेकाडावर आहे. बहुतेक जण तिथला यू जातीचा हजार वर्षांहून जुना समजला जाणारा वृक्ष बघायला जातात. त्याचं खोड पोकळ झालंय, तरी झाड हिरवंगार आहे. आवारात ब्रशर मिल्सचीही कबर आहे. हा १९०५ साली वारलेला सर्पमित्र, खरं तर सर्पशत्रूच म्हणायला हवं. हजारो साप धरले, त्यातले काही लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला विकले आणि राहिला कोळसेवाल्यांच्या झोपडीत. मामांना तो फार आवडला.

आम्ही गेलो होतो ते मात्र दुसऱ्या एका कबरीसाठी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी या गावात इस्पितळं उघडली होती. त्यातलं एक लेडी हार्डिंग हॉस्पिटल. गावात आजही एक मीरत (म्हणजे मेरठ) रोड आहे तो त्या दिवसांमुळे. नंतर हिंदी पलटणी आघाडीवरून हलवल्या आणि इस्पितळ न्यूझीलंडच्या सैनिकांकडे गेलं. चर्चच्या उतारावर त्यांच्या ९०हून अधिक कबरी ओळींनी आहेत. या सगळ्यांत एक दगड सुखा नावाच्या माणसाचा आहे.

सुखा बरेलीचा. इस्पितळात सफाईचं काम करायचा. १२ जानेवारी १९१५ रोजी तो वारला, वय ३०. दगडावर लिहिलंय की तो धर्माने ख्रिस्ती नव्हता, पण त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या कामी आलं. दगड गावातल्या लोकांनी बसवला, असंही त्यावरच कोरलेलं आहे. का बसवला, त्याची हकिगत अशी सांगतात की, तो अस्पृश्य म्हणून हिंदू त्याचं दहन करायला तयार होईनात आणि मुसलमान त्याला आपल्या कबरस्तानात घेईनात. शेवटी ब्रॉकनहर्स्टच्या पाद्र्याने सांगितलं, माझ्या आवारात आणा.

मामांनी दगडावरची इंग्रजी अक्षरं बोटाने लावत पूर्ण वाचली. मी ती हकिगत सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "सात समुद्र ओलांडल्याने जात जाते म्हणायचे ना? याची नाही गेली." इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना मी सांगेन की न्यू फॉरेस्टमध्ये बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, पण इथे जा. लंडनमधलं बाबासाहेबांचं घर आपण आवर्जून पाहतो, पण या दगडाबद्दल फार कुणाला माहीत नसतं.

आमचा मुक्काम लिंडहर्स्टला होता, जंगलाच्या मधोमध. ब्रॉकनहर्स्टहून बसने फार वेळ लागत नाही. वाटेत एका वळणानंतर झाडी संपते आणि मैलोन्‌मैल उघडा माळ लागतो. हेदर, काटेरी गोर्स, मध्येच दलदल. दलदलीवरचं गवत सगळ्यांत हिरवं दिसतं, तिथे पाय टाकायचा नाही. मामा खिडकीला नाक लावून बसले होते. "जंगल म्हणालात आणि हे तर कुरण." त्यांचं बरोबरच होतं. विल्यम द कॉन्कररने १०७९मध्ये हा मुलूख शिकारीसाठी राखला तेव्हा त्याला झाडांशी देणंघेणं नव्हतं, हरणांशी होतं. हरणाला जे लागेल ते राखायचं, मग ती झाडी असो की माळ. लोकांनी कुंपण घालायचं नाही, कारण हरीण अडतं. कुत्रा मोठा पाळायचा नाही. या बंदीची भरपाई म्हणा किंवा जुनीच वहिवाट म्हणा, लोकांना जनावरं चारायला, लाकूडफाटा न्यायला, जळणासाठी पीटची ढेकळं काढायला आणि शरद ऋतूत डुकरं सोडायला मुभा राहिली.

ही मुभा नऊशे वर्षांनंतरही एका कोर्टाच्या हातात आहे आणि ते कोर्ट लिंडहर्स्टमध्ये भरतं, बहुतेक महिन्यांत एकदा, बुधवारी. मी तारखा त्या बेतानेच धरल्या होत्या. क्वीन्स हाउस नावाच्या इमारतीत एक जुनं दालन आहे, भिंतींवर शिंगं, एका बाजूला ओबडधोबड ओकचा आरोपीचा पिंजरा, आणि एक भलीमोठी रिकीब टांगलेली. या रिकिबीतून जो कुत्रा आरपार जाई तो पाळायला परवानगी. जो अडकेल त्याच्या पुढच्या पायांची नखं छाटायची, म्हणजे तो हरणामागे धावणार नाही.

कोर्टात दहा व्हर्डरर, म्हणजे या जंगलातल्या हक्कांचे पंच. त्यातले पाच निवडून येतात, बाकीचे नेमलेले. त्यांचा प्रमुख राजाच्या वतीने नेमला जातो. बैठक सुरू होताना अजिस्टरने उभं राहून "ओये, ओये, ओये" अशी आरोळी दिली आणि ज्याला काही मांडायचं असेल त्याने पुढे यावं, त्याचं ऐकलं जाईल, असं पुकारलं. मला वाटलं होतं, हे सगळं पर्यटकांसाठी असेल. पर्यटक आम्ही दोघंच होतो. बाकी बाकांवर बूट चिखलाने भरलेली माणसं. एक बाई उठल्या, कागद काढला, कुणाच्या तरी मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने वासरू कसं पळवलं ते वाचून दाखवलं. दुसऱ्या एकाने रस्त्याकडेच्या गवतावर गाड्या लावल्याने कडा तुटतात अशी तक्रार केली. व्हर्डररांनी कुणाशी वाद घातला नाही, आश्वासनही दिलं नाही. ऐकलं, लिहून घेतलं, आभार मानले. निर्णय नंतर होतो.

मामांना मी कानात भाषांतर करून सांगत होतो. ते मध्येच म्हणाले, "आणि फॉरेस्ट खात्याचा माणूस कुठाय?"

होता, एका बाजूला. जमीन सरकारची आहे आणि झाडं वनखातं सांभाळतं, पण चराईच्या बाबतीत खात्याला या कोर्टाला विचारावं लागतं. मामांनी ते दोनदा सांगायला लावलं.

याची गोष्ट बाहेर आल्यावर एका बाकावर बसून झाली. मला ती आधीपासून माहीत होती, पण मामांसमोर सांगताना पहिल्यांदाच टोचली. १६९८च्या कायद्यानं राजाला आरमाराच्या जहाजांकरता इथे ओक लावण्यासाठी कुंपणं घालायची परवानगी मिळाली. १८५१मध्ये सरकारने ठरवलं की आता हरणं काढून टाकू आणि त्या बदल्यात आणखी दहा हजार एकर कुंपणात घेऊन लागवड करू. कॉमनर बिथरले. चराईच जाणार होती. त्यांच्या बाजूने जमीनदार उभे राहिले, चित्रकार उभे राहिले, लंडनची वर्तमानपत्रं वाचणारी माणसं उभी राहिली आणि १८७७ साली पार्लमेंटने कायदा करून नवी कुंपणं थांबवली. व्हर्डररांचं कोर्ट नव्याने उभं केलं ते कॉमनरांच्या हक्कांची राखण करायला.

लगेच पुढच्या वर्षी, १८७८मध्ये, याच इंग्रजांच्या सरकारने हिंदुस्थानात वनकायदा आणला. राखीव जंगलं आखली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चराई, लाकूडफाटा, राब हे सगळं हक्कातून काढून सरकारच्या मर्जीवर टाकलं. जंगलखात्याने गायरानं गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना उभं राहायला जागा उरली नाही, अशी तक्रार महात्मा फुल्यांनी त्यानंतर चारपाच वर्षांतच लिहून ठेवली. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या. आपल्याकडे वनहक्क कायदा यायला २००६ उजाडलं.

"म्हणजे घरी एक आणि बाहेर एक," मामा म्हणाले. मग बराच वेळ नोकरीतल्या गोष्टी सांगत राहिले. राखीव कुरणात शेळ्या सापडल्या की कोंडवाडा, पावती, पंचनामा. म्हातारी कोतवालाच्या पाया पडायची. "तिला कुणी ओये म्हणून बोलावलं नाही." आणि लगेच खात्याची बाजूही घेतली. शेळ्या रोप ठेवत नाहीत, साग उभा राहिला असता का, वगैरे. त्यावर मी वाद घातला नाही. त्या जंगलात निम्मं आयुष्य त्यांनी काढलंय, मी नाही.

पण न्यू फॉरेस्ट बघताना एक दिसतंच. पोनी गोर्सचे काटे चावतात, गवत खुरटं ठेवतात, झुडपं माळावर चढू देत नाहीत. चराई थांबली तर हा माळ काही वर्षांत झुडपांनी भरून जाईल. २००५मध्ये याला राष्ट्रीय उद्यान केलं तेव्हाही जनावरांना बाहेर काढलं नाही, कारण जनावरं काढली तर राखायला उरलं काय?

डुकरं तिसऱ्या दिवशी दिसली. मिन्स्टेड गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला आठदहा, पाठीवर काळे ठिपके, मान खाली, तोंडाचा कुरुमकुरुम आवाज. शरदात ओकची फळं गळतात. ती हिरवी असताना पोनी-गायींना विषारी, डुकरांना पक्वान्न. म्हणून निदान ६० दिवस डुकरं सोडायची, ती जमीन साफ करतात आणि स्वतः फुकटात पोसली जातात. नाकात कडी घातलेली असते, म्हणजे जमीन उकरता येत नाही. पिल्लं असलेल्या मादीच्या वाट्याला मात्र जाऊ नये. आम्ही एका वळणावर जरा जास्तच जवळ गेलो तेव्हा तिने मान वर करून एकदाच हुंकार दिला आणि वनपालसाहेब माझ्याआधी मागे सरले.

मिन्स्टेडपासून रूफस स्टोनपर्यंत चालता येतं. विल्यमचा मुलगा, राजा दुसरा विल्यम ऊर्फ रूफस, जंगलात शिकारीला आला आणि २ ऑगस्ट ११०० रोजी बाण लागून मेला, त्याची खूण म्हणून हा दगड. बाण सोबतच्या वॉल्टर टिरेलचा, असं म्हणतात. अपघात की खून हे कुणालाच ठरवता आलेलं नाही. धाकटा भाऊ हेन्री मात्र तीन दिवसांत राज्यावर बसला होता. दगडाला लोकांनी इतकं ओरबाडलं की १८४१मध्ये त्यावर लोखंडी आवरण घालावं लागलं. जागा तशी उदास, शेजारून मोठ्या रस्त्याची घरघर ऐकू येते. दहा मिनिटं पुरे.

बर्लीबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. १९५०च्या दशकात तिथे सिबिल लीक नावाची बाई स्वतःला चेटकीण म्हणवत खांद्यावर पाळलेला कावळा घेऊन हिंडायची, तेव्हापासून गावातली दुकानं झाडू आणि काळ्या टोप्या विकून जगतात. चहा चांगला मिळाला.

राइनफील्डच्या रस्त्यावर दुतर्फा १८५९च्या सुमारास लावलेले डग्लस फर आणि रेडवुड आहेत. त्यातल्या दोन जायंट सिकोया ५० मीटरच्या वर गेल्यात. मामांनी मान वर करून पाहिलं, खोडावर थाप मारली, साल स्पंजासारखी लागते हे पाहून हसले आणि म्हणाले, "छान. पण ही लागवड." नाइटवुड ओकपाशी मात्र ते हलेनात. घेर सात मीटरहून जास्त, वय पाचशेच्या आसपास समजतात. पूर्वी डोक्याच्या उंचीवर छाटलेला, म्हणून एका खोडातून अनेक फांद्या हातासारख्या वर आल्यात. राबासाठी ऐन छाटतात तसाच, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी त्यांना सांगितलं की १६९८मध्ये अशा छाटणीवर बंदी आली, कारण जहाजाला सरळसोट लाकूड लागतं.

ते लाकूड कुठे गेलं हे बकलर्स हार्डला कळतं. नदीकडे उतरत जाणाऱ्या विटांच्या घरांच्या दोन ओळी, मध्ये रुंद हिरवा पट्टा, खाली पाणी. इतकंच गाव. इथे १७८१मध्ये बांधलेलं अगामेम्नॉन हे नेल्सनचं लाडकं जहाज, ट्रफाल्गारच्या लढाईत ते होतं आणि इथेच बांधलेली आणखी दोन. अशा एका जहाजाला सुमारे दोन हजार ओक लागायचे, असं सांगतात. ओक पुरेनासे झाले तेव्हा ब्रिटिश आरमाराने नजर मलबारच्या सागावर वळवली आणि मुंबईच्या गोदीत वाडियांकडून जहाजं बांधून घेतली. त्यातलं १८१७चं ट्रिंकोमाली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर अजून तरंगतंय. मामा म्हणाले, "साग आहे, तरंगणारच."

ब्यूलीला गाड्यांचं प्रसिद्ध संग्रहालय आहे, तिथे लहान मुलं असतील तर अख्खा दिवस जाईल. मला त्यात रस नव्हता. राजा जॉनने १२०४मध्ये मठासाठी दिलेल्या त्या आवारात दुसऱ्या महायुद्धात गुप्त हेरांना शेवटचं प्रशिक्षण देत. नूर इनायत खान तिथेच शिकली. तिचे वडील बडोद्याचे, पणजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारातले गवई. प्रशिक्षकांनी तिच्याबद्दल बरं लिहिलं नव्हतं. पॅरिसमध्ये पकडली गेल्यावर तिने तोंड उघडलं नाही आणि सप्टेंबर १९४४मध्ये दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली.

परत निघायच्या दिवशी योगायोगाने ब्यूली रोड स्टेशनजवळ पोनींचा बाजार होता. शरदात घोडेस्वार माळावरून पोनी हाकत आणून लाकडी कोंडवाड्यात घालतात. शिंगरांना मालकाचा डाग देतात, शेपट्या कापतात आणि ज्यांना परत सोडायचं नाही त्यांना बाजारात आणतात. गोल रिंगणात शिंगरू फिरवतात आणि लिलाववाला श्वास न घेता बोलतो. बोली कुठे लागली तेच मला कळेना. मामांना कळत होती. भाव ऐकून त्यांनी मनात रुपये केले. "बोकडाला जास्त येतात," म्हणाले.

शेजारी कठड्याला रेलून एक वयस्क कॉमनर बाई उभ्या होत्या. मामांनी मला दुभाषा केलं आणि विचारलं, एवढ्यात भागतं कसं? त्या म्हणाल्या, भागत नाही. नवरा प्लंबिंग करतो, त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होत्या, पोनी आई ठेवायची म्हणून त्याही ठेवतात. मग मामांनी मुलांचं विचारलं. मुलगी येते मदतीला, पण राहते साउदॅम्प्टनला. जंगलातल्या हक्काच्या घरांना लंडनची माणसं शनिवार-रविवारसाठी गिऱ्हाईक असतात, त्या किमती तिला कुठल्या परवडायला. तेवढ्यात त्यांचं शिंगरू रिंगणात आलं आणि त्या आमच्याकडे पाठ करून बोली ऐकू लागल्या.